वृद्धाश्रमात मावशी, मामा, सिस्टर नेमण्याआधी काय काय तपासायचं? मुंबईतल्या नव्या व्यवस्थापकांसाठी

मुंबईत आणि आसपास, वसई-विरारपासून बदलापूर-पनवेलपर्यंत, वृद्धाश्रमाचं काम नव्यानं हातात घेतलेल्या माणसावर एक वेळ हमखास येते. रात्रपाळीची मावशी (मदतनीस बाईला मावशी, पुरुषाला मामा आणि नर्सला सिस्टर म्हणतात) गणपतीला गावी जाते ती परत येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर करायचं काम थांबवता येत नाही. आणि संध्याकाळी ब्युरोतून, म्हणजे अशी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून, फोन येतो, ‘एक चांगली बाई आहे, आत्ताच पाठवू का?’ आपण ‘पाठवा’ म्हणतो. कागद उद्या बघू म्हणतो, आणि ते बघणं राहून जातं.

गेली काही वर्षं एका वृद्धाश्रमातल्या भरतीचं काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला कुणी नीट सांगणारं नव्हतं, त्यामुळे एकेक गोष्ट विचारत, पोलीस ठाण्यात आणि नर्सची नोंदणी करणाऱ्या परिचर्या परिषदेत चौकशी करत शिकावी लागली. ज्यांच्याकडे वेगळा एचआर विभाग नाही, ज्यांना स्वयंपाकाच्या गॅसपासून औषधांच्या बिलांपर्यंत सगळं स्वतःच बघावं लागतं, अशा लहान आश्रमांच्या व्यवस्थापकांसाठी हे लिहिते आहे. घरी आईवडिलांसाठी माणूस ठेवणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. इंग्लंडमध्ये डीबीएस नावाची सरकारी यंत्रणा आहे. ज्यांच्या हातून वृद्धांना किंवा मुलांना इजा झाली, अशा माणसांना पुन्हा त्या कामावर घेता येऊ नये म्हणून ती बंदी घातलेल्यांच्या याद्या ठेवते. आपल्याकडे अशी यादी नाही. आपल्या हातात पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र असतं, आणि पोलिसांच्या दप्तरात पोचलं तेवढंच ते सांगतं. आश्रमांत होणारा त्रास फार क्वचित तिथपर्यंत पोचतो. ज्या आजींना विस्मरण झालंय त्यांना सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं त्या घाबरतात, कारण रात्री पुन्हा त्याच बाईच्या हातून डायपर बदलून घ्यायचं असतं. नातेवाईक ‘दुसरीकडे कुठे ठेवणार’ म्हणून गप्प बसतात. आणि आश्रम त्या माणसाला गुपचूप काढून टाकतो. तो माणूस दोन स्टेशनं पुढच्या आश्रमात कामाला लागतो.

म्हणून आधीच्या कामाच्या ठिकाणची माणसं, त्यांची आठवण आणि त्यांच्या नोंदी, हीच आपली यादी. खालच्या पायऱ्यांपैकी पाचव्या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही तिथेच घालवावा असं मला मनापासून वाटतं.

उमेदवाराकडून काय काय मागायचं

मुलाखतीला बोलावतानाच फोनवर सांगून ठेवा, म्हणजे विरारहून दोनदा चकरा मारायला लागत नाहीत:

- आधार किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र (मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट)
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा: भाडेकरार, वीजबिल, नाहीतर घरमालकाचं किंवा सोसायटीचं पत्र
- गावाकडचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या एका नातेवाइकाचा फोन
- शिक्षणाची आणि कोर्सची मूळ प्रमाणपत्रं, फक्त दाखवायला
- नर्स असेल तर परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र
- आधीच्या किमान दोन ठिकाणांची नावं, पत्ते, तिथे कुणाच्या हाताखाली काम केलं त्यांची नावं
- बँक पासबुकाचं पहिलं पान
- तीन फोटो

मूळ कागद बघून, त्यांची प्रत काढून तिथल्या तिथे परत द्या. ‘सोडून जाऊ नये म्हणून’ मूळ प्रमाणपत्र किंवा आधार कार्ड कपाटात ठेवून घेण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती चुकीची आहे. कागद अडकलेला माणूस मन मारून काम करतो, आणि मन मारून काम करणाऱ्याच्या हाती आपण अंथरुणावरची माणसं देतो.

१. आधी काम कागदावर लिहा

‘मावशी हवी’ एवढ्यावर भरती करू नका. कोणत्या मजल्यावर, किती जणांचं, दिवसा की रात्री, आठ ते आठ की चोवीस तास, अंघोळ-स्पंज, डायपर, भरवणं, नाकातल्या नळीतून फीड देणं, व्हीलचेअरवर बसवणं, यातलं काय काय करायचं आहे, ते अर्ध्या पानात लिहा. इंजेक्शन, सलाइन, कॅथेटर घालणं ही कामं मावशी-मामांची नाहीत, नोंदणी असलेल्या नर्सची आहेत, हेही त्याच कागदावर असू दे. हा कागद पुढे मुलाखतीत लागतो, नेमणूकपत्रात लागतो, आणि काही वाईट झालं तर कुणाचं काम काय होतं हे दाखवायलाही लागतो.

आजींच्या अंघोळीला आणि कपडे बदलायला बाईच असेल, हे सुरुवातीलाच ठरवून टाका. माणसं कमी पडली की पहिली सवलत इथेच घेतली जाते.

२. अर्ज, आणि अर्जातली रिकामी वर्षं

आमचा अर्ज दोन पानांचा, मराठी आणि हिंदीत आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आम्ही विचारून भरतो आणि वाचून दाखवून सही किंवा अंगठा घेतो. त्यात शाळा सोडल्यापासून आजपर्यंतचा सगळा काळ यायला हवा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कुठे, आणि मधल्या काळात काय.

इंग्लंडमध्ये २०१४च्या नियमांनुसार केअर होमना उमेदवाराचा कामाचा पूर्ण इतिहास घ्यावा लागतो आणि मध्ये खंड असेल तर त्याचं लेखी कारणही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे त्याला एक जोड हवी. इथे काम करणाऱ्या बायकांच्या आयुष्यात खंड असतातच. बाळंतपण, सासूचं आजारपण, भाताची लावणी, गावचं घर बांधायला घेतलं म्हणून सहा महिने, मुलाची दहावी. त्यामुळे खंड दिसला की संशयानं बघू नका. फक्त विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. कोणत्या वर्षी, कुठे होतात, त्या वेळी तुम्हाला ओळखणारं कोण आहे. खरं सांगणारी बाई हे सहज सांगते. दोनदा विचारल्यावर वर्षं बदलली, किंवा एखाद्या ठिकाणाचं नावच ‘आठवत नाही’ झालं, तर तिथे खूण करून ठेवा.

अर्जाच्या शेवटी तीन प्रश्न स्पष्ट विचारा: तुमच्यावर गुन्हा दाखल आहे किंवा होता का? कामावरून कधी तक्रारीमुळे काढलं आहे का? तुमच्या जुन्या ठिकाणी आम्ही चौकशी केली तर चालेल का? तिसऱ्या प्रश्नाखाली वेगळी सही घ्या. संमतीशिवाय चौकशी करू नका. या कागदांत माणसाचं खासगी आयुष्य असतं, ते कुलपात राहिलं पाहिजे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदाही हेच अपेक्षित धरतो. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या आधारचा फोटो कधीही टाकू नका.

३. ही तीच व्यक्ती आहे का?

झेरॉक्सवर विसंबू नका. आधार कार्डावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अधिकृत अ‍ॅपनं स्कॅन करा. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो अ‍ॅपमध्ये दिसतो, तो समोरच्या माणसाशी आणि कार्डाशी जुळवून बघा. कार्डावरचा छापील मजकूर बदलता येतो, कोडमधला बदलला की स्कॅन होताना पकडला जातो. प्रत ठेवायची तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार घ्या. कुणी आधार द्यायला नकार दिला तर दुसरं ओळखपत्र चालवून घ्या, त्यावरून माणूस वाईट ठरत नाही.

आपल्याकडचा खरा गोंधळ नावांचा असतो. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर दोन्ही नावं अर्जावर लिहून घ्या, आणि पुढची प्रत्येक चौकशी दोन्ही नावांनी करा. जुन्या इस्पितळात ‘अशी कुणी इथे नव्हती’ असं उत्तर येतं तेव्हा पुष्कळदा आपण चुकीच्या नावानं विचारलेलं असतं.

वय अठराच्या वर आहे याची खात्री शाळेच्या दाखल्यावरून करा. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली तर ती अंदाजे लावलेली असण्याची शक्यता असते.

४. शिक्षण आणि नोंदणी

‘नर्सिंग केलंय’ या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी बसतात. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका), जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसविका) आणि बीएस्सी नर्सिंग हे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम. ते केलेल्यांना महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते आणि दर पाच वर्षांनी ती नव्यानं करून घ्यावी लागते. नोंदणी क्रमांक घ्या, मुदत बघा, आणि परिषदेकडून क्रमांकाची खात्री करून घ्या. केरळ किंवा दुसऱ्या राज्यातून आलेली सिस्टर असेल तर तिथल्या परिषदेची नोंदणी तपासा आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचं काय झालं ते विचारा.

याशिवाय खासगी क्लासचे सहा महिन्यांचे ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स असतात. ते केलेली मुलगी मदतनीस म्हणून उत्तम असू शकते, पण तिची परिषदेत नोंदणी होत नाही आणि ती नर्स नाही. ती पांढरा ड्रेस घालून आली म्हणून तिच्या हातात सुई देऊ नका. शासनमान्य कौशल्य योजनेतून जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचा कोर्स झाला असेल तर प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड तपासता येतो. फिजिओथेरपिस्टसाठी राज्याची वेगळी परिषद आहे, तिथेही नोंदणी विचारा.

पण एक सांगते. आमच्याकडच्या सगळ्यात हळुवार हाताच्या मावशींकडे एकही प्रमाणपत्र नाही. मदतनिसाच्या कामात कागद नसणं हा दोष नाही, खोटा कागद असणं हा आहे.

५. आधीच्या ठिकाणी फोन

इथे घाई करू नका.

*पहिला सापळा:* उमेदवारानं दिलेला मोबाइल नंबर. तो ‘मॅडमचा’ नंबर म्हणून दिलेला असतो आणि पलीकडे मावसबहीण असते. इस्पितळ किंवा आश्रम असेल तर नंबर तुम्ही स्वतः शोधा, ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करा आणि मेट्रन (मुख्य परिचारिका) किंवा व्यवस्थापकांना मागा. ब्युरोनं दिलेलं ‘काम समाधानकारक’ असं छापील पत्र फाइलला लावा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. ब्युरोला माणूस कामाला लावायचा असतो.

*दुसरा सापळा:* घरगुती पेशंट. मुंबईत बहुतेक मावशी-मामांनी दादर, मुलुंड, बोरिवलीच्या घरांमध्ये काम केलेलं असतं आणि काम सुटण्याचं कारण ‘पेशंट गेले’ हे असतं. ते खरंही असतं. अशा घरी फोन करताना आधी विचारा, किती दिवस झाले. तेरावं व्हायचं असेल तर थांबा. नंतर मुलीशी किंवा सुनेशी बोला, आणि तिथे राहून काम केलेल्या माणसालाच माहीत असेल असं काही विचारा: आजोबा कोणत्या कुशीवर झोपायचे, सकाळचं औषध किती वाजता असायचं, घरात आणखी कोण होतं. तेच प्रश्न उमेदवाराला आधी विचारून ठेवलेले असले पाहिजेत. दोन्हीकडची उत्तरं जुळली की मन बरंच निवांत होतं.

मी विचारते ते प्रश्न साधारण या क्रमानं असतात. कधीपासून कधीपर्यंत काम केलं? दिवसा की रात्री? किती जणांचं करायची? आवाज चढायचा का? कुणाला जबरदस्तीनं भरवलं, ओढलं, हात बांधून ठेवले, असं कधी झालं का? पैसे, दागिने, औषधं यांबद्दल काही तक्रार? दारू-तंबाखू? न सांगता दांड्या? काम का सोडलं? आणि शेवटी: पुन्हा आली तर घ्याल का?

हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. पलीकडचा माणूस लगेच ‘हो, आजच पाठवा’ म्हणाला तर तुम्हाला बाकी फारसं काही विचारावं लागत नाही. ‘तशी बरी होती’ म्हणून आवाज खाली गेला तर सरळ विचारा: ‘तुमच्या आईसाठी ठेवाल का?’ लोक कागदावर वाईट लिहायला कचरतात, कारण कुणाच्या पोटावर पाय नको असं आपल्याकडे खूप जणांना वाटतं. ही भावना चांगली आहे. पण तिची किंमत पुढच्या आश्रमातली आजी मोजते. तुम्ही शांतपणे, आजींचा विचार करून विचारलंत, तर बहुतेक जण खरं सांगतात.

किमान दोन ठिकाणी फोन करा, त्यातलं एक सगळ्यात अलीकडचं. सध्याच्या ठिकाणी चौकशी नको असं उमेदवार म्हणाला तर ते रास्त आहे, तिथली नोकरी जाऊ शकते. तिथला फोन नेमणूक ठरल्यावर, पण रुजू होण्याआधी करा. फोन झाल्यावर लगेच तारीख, वेळ, बोललेल्या व्यक्तीचं नाव-पद आणि तिचे शब्द तसेच्या तसे लिहा. जमलं तर दोन ओळींचा मेसेज किंवा ईमेल मागून घ्या.

६. मुलाखत आणि हातानं काम करून बघणं

‘वृद्धांची सेवा का करावीशी वाटते?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. प्रसंग द्या. रात्री तीनला आजोबा दार ठोठावून ‘मला लालबागला घरी जायचंय’ म्हणतायत, काय कराल? आजी तोंड घट्ट मिटून बसल्यात, जेवत नाहीत, काय कराल? अंघोळीच्या वेळी आजींनी तुम्हाला थप्पड मारली तर? तुमच्या जोडीची मावशी एका आजींवर ओरडताना, त्यांना ढकलताना दिसली तर कुणाला सांगाल, कधी?

पहिल्याला ‘कडी लावून घेईन’, दुसऱ्याला ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ अशी उत्तरं मिळतात तेव्हा ती सहजपणे दिलेली असतात, कारण त्या माणसाला ती चूक वाटतच नाही. शिकवून बदलणारं काय आणि न बदलणारं काय हे ओळखायला सवय लागते. जोरानं भरवल्यानं अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं हे माहीत नसणं शिकवता येतं. शेवटच्या प्रश्नाला ‘आपण कशाला मध्ये पडायचं’ म्हणणाऱ्याला मी घेत नाही.

मग सिस्टरच्या देखरेखीखाली, आणि आजी-आजोबांना विचारून, थोडं काम करू द्या: पलंगावर कुशीवर वळवणं, ब्रेक लावून व्हीलचेअरवर बसवणं, बसतं करून चमच्यानं भरवणं, अंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या हातावर बघणं. औषधाच्या पट्टीवरचं नाव आणि तारीख वाचायला सांगा. हात लावण्याआधी तो माणूस आजींशी बोलतो का, याकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं.

भाषाही बघा. विस्मरणात गेलेली माणसं पुष्कळदा लहानपणच्या भाषेत परततात. कच्छी किंवा मालवणीतच बोलणाऱ्या आजींना समजणारं एक तरी माणूस पाळीत असेल अशी जोडणी करता आली तर करा.

७. पोलिसांची चारित्र्य पडताळणी

महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ओळख, पत्ता, फोटो आणि नोकरी देणाऱ्या संस्थेचं पत्र लागतं. पत्र आश्रमाच्या लेटरहेडवर द्या, त्यात पद स्पष्ट लिहा. फी आश्रमानं भरावी असं माझं मत आहे. नोकरी लागण्याआधीच बाईच्या पर्समधले पैसे काढायचे नसतात.

मुंबईत सगळ्यात जास्त घोळ हद्दीचा होतो. आश्रम गोरेगावात असला तरी मावशी नालासोपाऱ्यात राहते, मामा दिव्याला, सिस्टर पनवेलला. नालासोपारा २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे, दिवा ठाणे आयुक्तालयात आणि पनवेल नवी मुंबई आयुक्तालयात. अर्ज ती व्यक्ती राहते तिथल्या हद्दीत करायचा. मुंबईच्या हद्दीत केलेला अर्ज परत आला की वेळ जातो आणि लोक ‘जाऊ दे’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत पत्ता बदलला असेल तर जुन्या हद्दीतली पडताळणीही मागा. भाड्याच्या खोलीचा करार नसेल तर घरमालकाचं पत्र मिळवायला मदत करा. कागद नसणं हा मुंबईत गरिबीचा भाग आहे, गुन्ह्याचा नव्हे.

प्रमाणपत्र त्या तारखेपुरतं असतं. दोन वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या कामासाठी काढलेलं चालवून घेऊ नका. ते येईपर्यंत पहिल्या सहा पायऱ्या नीट झाल्या असतील तर माणसाला दिवसपाळीत, जुन्या कर्मचाऱ्यासोबत काम देता येईल. एकट्यानं रात्रपाळी मात्र नाही.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावानं खटले शोधता येतात. पण एकाच नावाची शेकडो माणसं असतात. तिथे काही दिसलं तर उमेदवाराला विचारा, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि पत्ता जुळवा. आणि गुन्ह्याचं स्वरूपही बघा. सोसायटीच्या भांडणातला जुना गुन्हा आणि आजारी माणसाला मारहाण, यांना एकाच मापानं मोजू नका.

८. आरोग्य

छातीचा एक्स-रे काढून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी, ती पालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. हिपॅटायटिस बीच्या तीन लशी झाल्या आहेत का विचारा, नसतील तर आश्रमाच्या खर्चानं सुरू करा. पाठदुखी, मणक्याचा त्रास विचारा, कारण उचलण्याचं काम रोजचं आहे.

एचआयव्ही चाचणीची अट घालू नका. नोकरी देण्यासाठी ही चाचणी सक्तीची करायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मनाई आहे. ‘सगळ्या टेस्ट करून आण’ म्हणून लॅबचं पॅकेज लिहून देताना ही चाचणी त्यात नकळत येते, तेव्हा यादी वाचून द्या.

९. ब्युरोतून माणूस घेताना

ब्युरोशिवाय मुंबईत काम चालत नाही, आणि काही ब्युरो खरंच चांगले असतात. पण पडताळणीची जबाबदारी आश्रमाचीच राहते. करारात या गोष्टी लिहून घ्या: पाठवण्याआधी ओळखपत्र, अर्ज आणि आधीच्या कामांची माहिती मिळेल, ठरलेल्या माणसाऐवजी परस्पर बदली येणार नाही, त्या माणसाबद्दल आधी आलेली तक्रार ब्युरो लपवणार नाही, आणि पगारातून किती कमिशन कापलं जातं ते सांगेल.

आमच्याकडे संध्याकाळी आठला एका ब्युरोनं ठरलेल्या बाईऐवजी दुसरीच पाठवली होती, नावाचा कागदही नव्हता. त्या रात्री सिस्टर आणि मी पाळी केली आणि तिला चहा देऊन, गाडीभाडं देऊन परत पाठवलं. तिचा काही दोष नव्हता. त्यानंतर आम्ही तपासणी पूर्ण झालेल्या दोघा-तिघांची राखीव यादी ठेवली. त्यांना महिन्यातून एखादी पाळी देतो, म्हणजे आजी-आजोबा त्यांना ओळखतात. गणपती, दिवाळी, मे महिना आणि लावणीचा हंगाम याच यादीवर निभतो. नव्या आश्रमानं पहिल्या महिन्यात करण्यासारखं हे सगळ्यात उपयोगी काम आहे.

बाईच्या हातात खरे किती पैसे पडतात, आणि आधीच्या ठिकाणी ती किती दिवस सलग चोवीस तासांच्या ड्युटीवर होती, हेही तिला विचारा. थकून आलेल्या माणसाला पहिले दोन दिवस झोप द्या.

सुरक्षारक्षक एजन्सीतून घेत असाल तर २००५च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा परवाना बघा. वॉचमन रात्री एकटा जागा असतो आणि त्याला सगळी दारं माहीत असतात, तरी त्याची तपासणी सगळ्यात कमी होते. स्वयंपाकी, झाडूपोछावाले, ड्रायव्हर आणि दर आठवड्याला येणारे स्वयंसेवक, यांनाही ओळख आणि आधीच्या ठिकाणची चौकशी लागू करा.

१०. नेमणूकपत्र आणि पहिले तीन महिने

नेमणूकपत्रात पगार, पाळी, सुट्टी आणि प्रोबेशनचा काळ लिहा. कर्मचारी १० किंवा जास्त असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, बघा (महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू होतं), आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमा. आश्रमात कर्मचारी बायकांनाही त्रास होऊ शकतो, आणि तो ऐकणारं कुणी नसेल तर त्या काम सोडून जातात.

पैशांची कलमं वेगळी, ठळक लिहा: कर्मचाऱ्यानं रहिवाशांचं एटीएम कार्ड, यूपीआय पिन, चेकबुक हाताळायचं नाही. उसने पैसे घ्यायचे नाहीत. मृत्युपत्रावर साक्षीदार किंवा बँकेत नॉमिनी व्हायचं नाही. आजींनी प्रेमानं साडी किंवा बांगडी देऊ केली तर ऑफिसात सांगायचं, नोंद करायची, नातेवाइकांना कळवायचं. याची खरी गरज कर्मचाऱ्यालाच असते. बांगडी सापडत नाही म्हणून प्रामाणिक मावशीवर आळ येतो तेव्हा ही नोंदच तिला वाचवते.

पहिले काही आठवडे नव्या माणसाला जुन्याच्या जोडीनं ठेवा, अंघोळ-डायपरच्या वेळी एकटं नको. अंघोळीच्या वेळी अंगावर नवा वळ, ओरखडा दिसला तर त्याची तारखेसह नोंद सिस्टर करेल. रात्री दोन-तीनच्या सुमाराला न सांगता चक्कर मारा. कॅमेरे व्हरांड्यात आणि दारांवर लावा, खोलीत किंवा न्हाणीघरात नको.

आणि आजी-आजोबांना विचारा, ती मावशी खोलीत नसताना, शेजारी बसून. ‘नवीन बाई कशी आहे?’ म्हटलं की ‘चांगली आहे’ एवढंच येतं. ‘काल रात्री पाणी मागितलं तेव्हा कोण आलं?’ असं विचारलं की बोलतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याकडे बघा: ती जवळ आली की अंग आक्रसतं का, हात घट्ट धरतात का, जेवण कमी झालंय का.

११. माणूस काम सोडतो तेव्हा

चाव्या, ओळखपत्र परत घ्या, पगार पूर्ण द्या, आणि फाइलमध्ये शेवटची नोंद करा: कामाचा कालावधी, सोडण्याचं कारण, तक्रारी झाल्या असतील तर तारखा आणि चौकशीत काय निघालं.

मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा चोरीचा संशय असेल तर ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणून मोकळं होऊ नका. त्या माणसाला तत्काळ कामावरून दूर ठेवा, रहिवाशाची वैद्यकीय तपासणी करा, नातेवाइकांना त्याच दिवशी सांगा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तातडीला ११२. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो नंबर रहिवाशांना दिसेल असा व्हरांड्यातही मोठ्या अक्षरांत लावा. बदनामी होईल म्हणून विश्वस्त तक्रार नको म्हणतील. ही वेळ येण्याआधीच विश्वस्तांच्या बैठकीत या धोरणावर सह्या घेऊन ठेवा.

उद्या दुसऱ्या आश्रमातून त्या माणसाबद्दल फोन आला तर नोंदीत आहे ते सांगा, ऐकीव सांगू नका. चौकशी पूर्ण झाली नसेल तर ‘अमुक तारखेला तक्रार झाली होती, चौकशी पूर्ण होण्याआधी त्यांनी काम सोडलं’ एवढंच, याच शब्दांत. चांगलं काम केलेल्यांबद्दल मात्र हात राखून बोलू नका, त्यांना लेखी पत्र द्या आणि खाली आश्रमाचा लँडलाइन नंबर लिहा. फोन कुणी घ्यायचा तेही ठरवून ठेवा, आणि फाइल तीन मिनिटांत सापडेल अशी लावा, कारण पलीकडच्या व्यवस्थापकाला संध्याकाळच्या पाळीआधी निर्णय घ्यायचा असतो.